दोन लांबच्या छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ: आकडे जुळत का नाहीत?

उत्तररंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ध्रुवीय प्रकाशाबद्दल, म्हणजे अरोराबद्दल वाचताना दोन गावांची नावं सारखी समोर येतात: नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि अलास्कातलं फेअरबँक्स. दोन्हीकडे विमानतळ आहे आणि दोन्ही जागा पाहायच्या आहेत. म्हणून या दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं.

एका साइटवर आलं ५,०२५ किमी, दुसरीवर ५,०४४. उड्डाणाची वेळ ६ तास ४५ मिनिटं. छान वाटलं. मग तिकिटाच्या साइटवर तेच दोन विमानतळ टाकले, तर प्रवास एक दिवसाच्या घरात आणि वाटेत तीन-तीन ठिकाणी विमान बदलायचं. शिवाय जाताना निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख एक, येताना मात्र दोन तारखांचा फरक.

माझे प्रश्न: (अ) अंतराचे दोन आकडे का? (ब) पावणेसात तास ही वेळ कुठून आली? (क) नुसतं अंतर बघून प्रवासाचा अंदाज बांधायचा असेल, तर काय धरून चालावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अरोरा नसला तरी चालेल.

---

शंकासुर

या दोन गावांमध्ये थेट विमान आहे का? नसेल तर पावणेसात तास कोणाला लागतात? बगळ्यांना?

---

त्रिज्या

(अ) चं उत्तर देतो, कारण तेवढंच मला येतं.

अशा साइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि त्यांच्यातलं महावर्तुळावरचं अंतर काढतात, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यांत आखूड वाट. सोपं सूत्र हॅवरसाइनचं. त्यात पृथ्वी चोख गोल आणि तिची त्रिज्या ६,३७१ किमी धरतात. तुमचे ५,०२५ तिथून आलेत. ट्रॉम्सो ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व, फेअरबँक्स ६४.८२ उत्तर, १४७.८६ पश्चिम. मीही करून पाहिलं, तेवढंच येतं.

पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडची ६,३५७. जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या प्रतिमानावर हिशेब केला (बहुतेक ठिकाणी विन्सेंटीची १९७५ ची पद्धत वापरतात), तर तुमच्या जोडीचं अंतर वीसेक किलोमीटरने वाढतं.

इथे गंमत आहे. चपटी म्हटल्यावर ध्रुवाकडे अंतर कमी व्हायला हवं असं वाटतं ना? उलट होतं. चपट्या भागाची वक्रता कमी, म्हणून तिथे अक्षांशाचा एक अंश लांब असतो: विषुववृत्ताजवळ ११०.६ किमी, ध्रुवाजवळ १११.७. तुमची सगळी वाट उत्तरेकडची, त्यामुळे गोल पृथ्वीचं सूत्र तिला आखूड दाखवतं. एरवीही हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो. प्रवास ठरवताना तो विसरा.

---

नकाशावेडी

त्रिज्या यांच्या प्रतिसादात एक भर. भिंतीवरच्या नकाशावर ट्रॉम्सोपासून फेअरबँक्सपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारा. ग्रीनलंड, बॅफिन बेट, उत्तर कॅनडा असं करत ती पश्चिमेकडे जाईल. मर्केटरच्या (१५६९) नकाशावरच्या त्या सरळ रेषेने खरोखर गेलात तर अंतर होतं सुमारे ७,१७० किमी. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा सरळ वर जातो, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावरून, ध्रुवापासून फक्त ३०० किमीवरून, आणि पलीकडे अलास्काच्या उत्तर किनाऱ्याला प्रूडो बेजवळ उतरतो. निघताना विमानाचं नाक उत्तरेला, पोहोचताना दक्षिणेला, आणि वैमानिकाने मध्ये कुठे वळण असं घेतलेलंच नाही!

नकाशावर दोन हजार किमीची चूक दिसत नाही, दोऱ्याने लगेच दिसते. दोन्ही ठिकाणं उत्तरेकडे आणि रेखांशात खूप लांब असली की हा फरक सगळ्यांत मोठा येतो. विषुववृत्ताजवळच्या पूर्व-पश्चिम जोडीत जवळपास नाहीच.

---

उत्तररंग

वा! म्हणजे ग्रीनलंडवरून जाणार ही माझी समजूत गेली. पण शंकासुर यांचा प्रश्न बरोबर आहे. थेट विमान मला तरी कुठे सापडलं नाही. मग वेळ कसली दाखवतात?

---

रात्रपाळी

वेळापत्रकं आणि उड्डाणाचे आराखडे यांच्याशी माझा कामाचा संबंध आहे, म्हणून (ब) मी घेतो.

त्या साइटला तुमच्या विमानाबद्दल काहीही माहीत नसतं. ती अंतराला एका ठरावीक वेगाने भागते, बहुतेकदा ताशी ५०० मैल म्हणजे ८०५ किमीने, आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकते. ५,०२५ भागिले ८०५ म्हणजे सव्वासहा तास, अधिक अर्धा तास. झाले पावणेसात. त्या मार्गावर विमान आहे की नाही, धावपट्टी केवढी, वारा कुठला, कशाचा पत्ता नाही. दोन खडकाळ बेटं दिलीत तरी ती वेळ सांगेल.

मोठ्या जेटसाठी हा अंदाज बरा बसतो. ए३२० किंवा ७३७ उंचीवर माख ०.७८ च्या (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) आसपास जातात, म्हणजे ताशी सुमारे ८३० किमी. पण छोट्या विमानतळांवर पुष्कळदा पंख्याची विमानं येतात. एटीआर ७२ ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. १,००० किमीला साइट पावणेदोन तास सांगेल, एटीआरला सव्वादोनच्या पुढे लागतील. नॉर्वेतच बघा, तिथल्या किनाऱ्यावरच्या कित्येक धावपट्ट्या जेमतेम ८०० मीटरच्या आहेत. तिथे डॅश ८ ची छोटी विमानं चालतात, जेटचं कामच नाही.

आणखी एक. तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते, ती ब्लॉक टाइम असते: विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन थांबलं तिथपर्यंत. त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), रांग, थंड प्रदेशात पंखांवरचा बर्फ काढणं, सगळं आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी सूट धरून ठेवतात, म्हणजे जरा उशीर झाला तरी विमान 'वेळेवर' पोहोचतं. "पायलटने वीस मिनिटं भरून काढली" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा ती वीस मिनिटं आधीच भरलेली असतात.

---

वाऱ्यावर

वारा राहिलाच की. मध्य अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी ताशी २०० किमीच्या वर. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३२७ किमी गेला होता. ध्वनीचा वेग ओलांडला असं लोक लिहीत होते, पण तसं नाही. हवेतला वेग नेहमीचाच, हवाच पळत होती.

आणि जाताना-येताना फिटंफाट होते म्हणणाऱ्यांसाठी: ५,००० किमी, विमानाचा वेग ८००, वारा १००. पाठीशी असेल तर ५ तास ३३ मिनिटं, समोरून असेल तर ७ तास ९. दोन्ही मिळून १२ तास ४२. वारा नसता तर साडेबारा. म्हणजे वारा असला की फेरीत तोटाच, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. म्हणून जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दिसली तर साइट बिघडली असं समजू नका.

---

शंकासुर

विमानं एवढी सक्षम असताना या दोन गावांत एक विमान सोडायला काय होतं? पाच हजार किमी तर आजकालचं ए३२१ सहज जातं.

---

रात्रपाळी

जातं. पण बसणार कोण? शंभर विमानतळ एकमेकांना थेट जोडायचे तर ४,९५० मार्ग लागतात. एक मोठं केंद्र धरून बाकीचे त्याला जोडले तर ९९. अमेरिकेत १९७८ मध्ये हवाई सेवेवरचं सरकारी नियंत्रण उठलं, त्यानंतर हीच हबची पद्धत पसरली. छोट्या विमानतळाला जगाशी जोडणारा एखाद-दुसरा धागा असतो, आणि तो जवळच्या हबला जातो.

उत्तररंग यांच्या जोडीचं उदाहरण घेऊ. एक शक्य मार्ग: ट्रॉम्सो–ऑस्लो (१,११७ किमी), ऑस्लो–आइसलँडचं केफ्लाविक (१,७८१), केफ्लाविक–सिएटल (५,८११), सिएटल–फेअरबँक्स (२,४६१). बेरीज ११,१७० किमी. सरळ अंतराच्या दुपटीहून जास्त! नुसता विमानात बसायचा वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. वर तीन ठिकाणची थांबण्याची वेळ. पहिल्या टप्प्यात तर तुम्ही दक्षिणेला चाललाय आणि जायचंय उत्तरेवरून पलीकडे.

म्हणून (क) चं माझं उत्तर: अशा जोडीत सरळ अंतर बाजूला ठेवा. दोन्ही टोकांचे हब शोधा आणि त्या हबांमधलं अंतर बघा. प्रवास तिथे ठरतो.

---

नकाशावेडी

थेट विमान नसण्यामागे नुसते प्रवासीच कारण असतील असं मला वाटत नाही. तो दोरा स्वालबार्डवरून पुढे गेला की अलास्काचा किनारा लागेपर्यंत जवळपास ३,३०० किमी समुद्र आणि बर्फ आहे. दोन इंजिनांच्या विमानाला असं जाऊ देतात का?

---

रात्रपाळी

देतात, अटींवर. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला कुठल्या ना कुठल्या विमानतळापासून एका इंजिनावर ६० मिनिटांच्या आत राहावं लागे. १९८५ मध्ये ती मर्यादा १२० मिनिटांवर गेली, १९८८ मध्ये १८० वर. याला ईटॉप्स म्हणतात. त्यासाठी विमान, देखभाल, कर्मचारी सगळ्यांना वेगळी मंजुरी लागते. ७८ अंश उत्तरेच्या वर अमेरिकेच्या नियमांत आणखी अटी आहेत. इंधन गोठणार नाही यावर लक्ष ठेवायचं (जेट ए चा गोठणबिंदू उणे ४०, जेट ए-१ चा उणे ४७), आणि आडवाटेच्या विमानतळावर उतरावं लागलं तर प्रवाशांना तिथून काढायची योजना आधीच तयार हवी. छोट्या प्रादेशिक कंपनीला एका मार्गासाठी हा खर्च परवडत नाही. मोठ्या कंपनीला त्या मार्गात रस नाही.

आणि उत्तररंग, तुमच्यासाठी खास. विषुववृत्तावरच्या संदेशवहन उपग्रहांचा उपयोग ८२ अंशांच्या वर संपतो. तिथे एचएफ (लांब पल्ल्याच्या लघुलहरींचा) रेडिओ किंवा इरिडियमसारखे ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह लागतात. सौरवादळ आलं की ध्रुवाजवळ एचएफ रेडिओ बंद पडू शकतो, आणि मग विमानांना दक्षिणेकडून वळवतात. म्हणजे ज्या रात्री तुमचा अरोरा रंगात येण्याची शक्यता, त्याच रात्री ध्रुवावरचा मार्ग बंद व्हायची शक्यता.

---

उत्तररंग

हे भारी आहे! अरोरासाठी थेट विमान पकडलं आणि अरोरामुळेच ते वळवलं.

---

जुनी चाल

ध्रुवावरून जाणं हे काही नवं नाही. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने नोव्हेंबर १९५४ मध्ये कोपनहेगन–लॉस एंजेलिस सुरू केलं, वाटेत ग्रीनलंडचं सोंड्रे स्ट्रोमफ्योर्ड आणि कॅनडाचं विनिपेग. १९५७ मध्ये कोपनहेगन–अँकरेज–टोकियो. सोव्हिएत हद्दीतून जायला मिळत नसे, म्हणून युरोप ते जपान विमानं कित्येक वर्षं अँकरेजला थांबत. तेव्हा हे अलास्कातलं शहर दोन खंडांचा नाका होतं. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो न थांबता, ध्रुवाकडून वळसा घालून सुरू केलं.

पुढे रशियावरून वाट मिळाली आणि तोच प्रवास साधारण नऊ तासांवर आला. २०२२ मध्ये ती हद्द पुन्हा बंद झाली आणि वेळ तेराच्या आसपास गेली. दोन विमानतळ होते तिथेच आहेत, महावर्तुळावरचं अंतर एक मीटरने बदललं नाही, आणि चार तास वाढले. कॅल्क्युलेटर अजूनही जुनंच सांगेल.

---

तिकीटचाळक

सगळे त्या सरळ अंतराला नावं ठेवताय, म्हणून त्याच्या बाजूने बोलतो. ते अंतर कायद्यात लागतं.

युरोपीय संघाचा २६१/२००४ नियम आहे (नॉर्वे आणि आइसलँडमध्येही लागू). उड्डाण रद्द झालं किंवा तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर अंतरानुसार भरपाई मिळते: १,५०० किमीपर्यंत २५० युरो, पुढे ४००, आणि युरोपबाहेरच्या ३,५०० किमीवरच्या प्रवासाला ६००. आता तिकीट जोडउड्डाणाचं असेल तर अंतर कुठलं धरायचं? २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयासमोर रोम–ब्रसेल्स–हॅम्बुर्गचं प्रकरण होतं. टप्प्यांची बेरीज १,६५६ किमी, रोम–हॅम्बुर्ग सरळ १,३२६. न्यायालयाने सांगितलं, सरळ महावर्तुळाचं अंतर धरा. प्रवाशांना ४०० ऐवजी २५० च.

आणि हे लागू होतं ते एकाच आरक्षणावर. चार टप्पे चार ठिकाणी स्वस्तात पकडून वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नाही. छोट्या विमानतळावर पुढचं विमान तासाभराने नसतं, दुसऱ्या दिवशी असतं. म्हणून म्हणतो, अशा प्रवासात थोडे पैसे जास्त गेले तरी एकच पीएनआर घ्या.

---

शंकासुर

कार्बनच्या हिशेबातही सरळ अंतरच धरतात का?

---

त्रिज्या

तिथून सुरुवात करतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत महावर्तुळाच्या अंतरात भर घालत आलेत: ५५० किमीच्या आत ५०, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५ किमी. विमान दोऱ्यासारखं जात नाही हे त्यांनी धरलंय. मात्र तो हिशेब टप्प्याटप्प्याने करायचा. ट्रॉम्सो–फेअरबँक्स एकदम टाकून आलेला आकडा तुमच्या ११,१७० किमीच्या प्रवासाचा नाही.

---

नकाशावेडी

एक अवांतर पण उपयोगी: शहराच्या नावाने शोधू नका, तीन अक्षरी कोडने शोधा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीऐवजी कॅनडातल्या सिडनीला उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या एकापेक्षा जास्त वेळा आल्या आहेत. सॅन होजे अमेरिकेतही आहे आणि कोस्टारिकातही. काही साइट शहराच्या मध्यापासून अंतर मोजतात, काही विमानतळापासून. लांबच्या प्रवासात ते खपून जातं. जवळच्या जोडीत नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान २.७ किमी जातं, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे अर्धा तास 'उड्डाण-उतरण्याचा' मिळवणाऱ्या कॅल्क्युलेटरने काय करावं?

---

वाऱ्यावर

'डायरेक्ट' बघून फसू नका हेही सांगून टाकतो. डायरेक्ट म्हणजे उड्डाण क्रमांक तोच, वाटेत थांबणार नाही असं नाही. पॅसिफिकमधलं युनायटेडचं आयलंड हॉपर ग्वाम ते होनोलुलू जाताना चुऊक (Chuuk), पोह्नपेई, कोस्राए, क्वाजालिन, माजुरो अशी बेटं घेत जातं. न थांबता गेलात तर त्याच्या निम्म्या वेळात पोहोचाल. पण त्या बेटांवरच्या लोकांचा मुख्य आधार तेच विमान आहे, त्यामुळे नावं ठेवायला जीव होत नाही.

---

उत्तररंग

सगळ्यांचे आभार. एक राहिलं, तारखांचं. जाताना त्याच दिवशी, येताना दोन दिवसांनी. आणि मला जायचंय मार्चच्या मध्यावर.

---

रात्रपाळी

ट्रॉम्सो आणि फेअरबँक्समध्ये एरवी दहा तासांचा फरक. तुमचं ते काल्पनिक थेट विमान सकाळी दहाला सुटलं तर फेअरबँक्सला त्याच दिवशी सकाळी पावणेसातला उतरेल, म्हणजे घड्याळाने निघण्याआधीच. परतीला सकाळी दहाला निघून दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेतीनला. खऱ्या प्रवासात चोवीसेक तास धरले तर जाताना फरकाचे दहा तास परत मिळतात आणि पूर्वेकडे येताना ते अंगावर पडतात, म्हणून दुपारनंतर निघालात की तारीख दोनने पुढे जाते. तिकिटावरच्या सगळ्या वेळा स्थानिक असतात. वजाबाकी करू नका, 'एकूण कालावधी' असं लिहिलेला रकाना बघा.

मार्चमध्ये मात्र जपून. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक नऊ तासांचा असतो. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, तेव्हाही नऊच.

---

तिकीटचाळक

आणि सिएटलला थांबा किमान तीन तासांचा ठेवा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, बॅग स्वतः घ्यायची, कस्टम्स, मग ती पुन्हा पुढच्या विमानाला द्यायची. ट्रॉम्सोला बॅगेवर फेअरबँक्सची चिठ्ठी लागलेली असली तरी.